एक ओटा, चार घरची माणसे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "ह्या खेपेला चार शब्द तुम्ही बोला." मी म्हटले, "बाई, मी सातवी शिकलेली. मला भाषण कुठले येणार?" त्या म्हणाल्या, "रोज जे करता त्यावर बोला." आता मी रोज काय करते, तर रांधते आणि भांडी आवरते. पैकी रांधण्यावर बोलणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. भांड्यांवर कोणी बोलत नाही. म्हणून मी आज भांड्यांवर बोलणार आहे. तीही आपल्या एकटीच्या घरातल्या नव्हेत, तर जिथे एकाच ओट्यावर चार घरची माणसे स्वयंपाक करतात, तिथल्या भांड्यांवर.

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तो आता काटोलातल्या घराघरांत आला आहे. आपल्या मुली शिकायला नागपूरला जातात, मुले नोकरीला पुण्याला जातात. तिघीचौघी मिळून दोन खोल्या भाड्याने घेतात. एक ओटा, एक शेगडी, एक सिलिंडर आणि भांडी घासायला एक मोरी. आठ दिवस गोडीगुलाबीने जातात, आणि नवव्या दिवशी घरी फोन येतो.

माझ्याकडेही तसाच फोन आला. माझी मुलगी नागपुरात कॉलेजात शिकते. रात्री साडेनऊला तिचा फोन, आणि आवाज रडवेला. मी विचारले, "काऊन गं, रडून काऊन राहिली?" तर म्हणाली, "आई, ह्या मुली फार घाण करतात. मोरीत तीन दिवसांची भांडी पडली आहेत. चहाची भुकटी तशीच ओततात, पाणी तुंबते. माझी कढई वापरली आणि जळकी ठेवली. मी माझे ताट रोज घासते, पण मी एकटीने किती करायचे?"

आईचे काळीज. मला वाटले, माझी पोर एवढी नीटनेटकी, आणि कुठल्या आळशी मुलींत जाऊन पडली! मी तिला लागोपाठ तीन सल्ले दिले. पहिला, आपली कढई आणि गाळणी खोलीत नेऊन ठेव. दुसरा, त्या घासत नाहीत तर तूही त्यांचे काही घासू नको. तिसरा, भिंतीवर चिठ्ठी लाव, म्हणजे त्यांना लाज वाटेल.

भगिनींनो, हे तिन्ही सल्ले वाया गेले. तिने कढई खोलीत नेली, तेव्हा दुसरीने आपला कुकर कपाटात ठेवला आणि तिसरीने मिक्सरचे भांडे लपविले. आता चौघींत एकही भाजी धड होईना. तिने सामाईक भांडी घासणे सोडले, तेव्हा ती सर्वांनीच सोडली. आणि भिंतीवरच्या चिठ्ठीखाली दुसऱ्या दिवशी कोणीतरी लिहून ठेवले, "आधी आपला ओटा पुसा." मुलीने मला हे सांगितले तेव्हा मी त्या लिहिणारीलाच उद्धट म्हटले. पण त्या चार शब्दांचा अर्थ काय, ते विचारले नाही.

शेवटी मी स्वतःच निघाले. डब्यात सांबारवडी घेतली, पिशवीत घरची संत्री घेतली आणि सकाळच्या एस.टी.ने गेले. काटोल नाक्यावर उतरून ऑटो केला. खोलीवर पोहोचले तेव्हा मुलगी कॉलेजात होती. दुसरी एक मुलगी घरी होती. ती दवाखान्यात नर्स आहे आणि रात्रपाळी करून आली होती. तिने दार उघडले, मला पाणी दिले आणि बिचारी झोपायला गेली.

मी मोरीकडे पाहिले आणि पदर खोचला. गंज, पातेली, तवा, कुकर, सगळे बाहेर काढले. जळकी कढई गरम पाणी आणि साबण घालून भिजत ठेवली. मोरीच्या जाळीत भाताची शिते आणि चहाची भुकटी अडकली होती, ती हाताने काढली. शेगडीची झाकणे धुतली, ओटा पुसला. दोन तास लागले. सगळे लखलखीत झाले, आणि मला वाटले की झाले, प्रश्न सुटला.

इतक्यात ती नर्स मुलगी उठून आली. ओट्याकडे पाहून खूष होईल असे मला वाटले होते. ती म्हणाली, "काकू, तुम्ही काऊन घासून राहिल्या? उद्या पुन्हा असेच होईल. अन् राग मानू नका, पण ह्यातली अर्धी भांडी तुमच्या मुलीचीच होती."

मला राग आलाच. मी म्हटले, "ती तर आपले ताट रोज घासते!"

ती म्हणाली, "हो, ताट घासते. पण पोळ्या तिने केल्या की पीठ ओट्यावर तसेच. भाजी तिची, पण कढई सगळ्यांची. दूध ती तापवते, उतू गेलेले पुसते कोण?" आणि मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी मुलीने मला सांगितली नव्हती.

आठ दिवसांपूर्वी माझ्या मुलीने दूध तापत ठेवले आणि ती फोन घेऊन खोलीत गेली. दूध उतू गेले, त्याने शेगडीची ज्योत विझली, आणि गॅस तसाच वाहत राहिला. ही नर्स मुलगी पाळीवर जायला तयार होत होती, तिला वास आला. तिने दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. आधी शेगडीची कळ बंद केली, मग सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, दारे-खिडक्या सताड उघडल्या आणि सगळ्यांना बाहेर काढले. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, खाली जमिनीलगत साचून राहतो, आणि मग एक ठिणगी पुरते. दोन महिन्यांपासून मी जिला फोनवर आळशी म्हणत होते, त्या मुलीने माझ्या लेकीचा जीव वाचविला होता.

मी तिथेच खाली बसले. "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून" अशी आपल्याकडे म्हण आहे. मी तर माझे झाकलेसुद्धा नव्हते. मला ते दिसलेच नव्हते.

संध्याकाळी मुलगी आली. मी तिला विचारले, "दूध उतू गेले होते, ते मला का सांगितले नाही?" ती रडली नाही. ती म्हणाली, "आई, घरी दूध उतू गेले की तू पुसतेस. मला ते पुसायचे असते, हे लक्षातच आले नाही."

भगिनींनो, हे वाक्य मला फार लागले, कारण ते खरे होते. मी मुलीला पोळी लाटायला शिकविली, वरण फोडणीला घालायला शिकविले, पातोडीचा रस्सा शिकविला. पण स्वयंपाक झाल्यावर म्हणत आले, "जा, तू अभ्यास कर, मी आवरते." त्यामुळे तिच्या हिशेबी भाजी कढईतून वाढून घेतली की स्वयंपाक संपला. त्यानंतरचे काम आपोआप होते, जसा रात्रीनंतर दिवस होतो. आणि मुलाला तर मी इतकेही शिकविले नाही. तो ताट उचलून मोरीत ठेवतो, त्याचेच आम्ही कौतुक करतो.

आता कोणी म्हणेल, पूर्वी एका घरात पंधरा माणसे राहत, वाड्यात चार बिऱ्हाडे एका मोरीवर भांडी घाशीत, तेव्हा कसे निभत होते? मीही एकत्र कुटुंबात नांदले आहे, म्हणून सांगते. भांड्याला भांडे तेव्हाही लागत होते. पण घरात जी सर्वांत नवी सून असे, तिच्या वाट्याला सर्वांची खरकटी जात. ती बोलत नसे, म्हणून घर शांत दिसे. त्या शांततेला आपण शिस्त म्हणत होतो. मुलींच्या खोलीत सासू नाही आणि नवी सूनही नाही. चौघी सारख्या. तिथे कोणाच्या गप्प बसण्यावर स्वच्छता चालणार नाही. तिथे ती ठरवूनच करावी लागेल.

आणि ठरवून ती करता येते, ह्याचे एक उदाहरण मी वाचले आहे. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात महात्मा गांधी 1936 साली शेगाव नावाच्या खेड्यात राहायला आले. पुढे 1940 साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आपल्यापैकी अनेकींनी तो आश्रम पाहिला असेल. पण मला सांगायचे आहे ते त्याच्याही पूर्वीचे. 1910 साली दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्ग शहरापासून जवळच, गांधीजींनी सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी टॉलस्टॉय फार्म नावाची वसाहत काढली. जमीन त्यांचे मित्र कॅलनबाख ह्यांची. तिथे गुजराती होते, तमिळ होते. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती सगळे होते. आणि सर्वांसाठी स्वयंपाकघर एकच! आपल्याकडे दोन जावांचे एका चुलीवर जमत नाही, तिथे हे कसे जमले असेल?

गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात ते लिहून ठेवले आहे. नोकर ठेवायचा नाही, सर्व कामे आपल्या हातांनी करायची. सर्वांनी एकाच पंगतीत जेवायचे. आणि भांड्यांचा नियम असा की, ज्याने त्याने आपले भांडे आपण घासायचे, आणि सामाईक भांडी निरनिराळ्या टोळ्यांनी पाळीपाळीने घासायची.

हा नियम दोन भागांचा आहे. माझ्या मुलीला पहिला भाग ठाऊक होता, "माझे ताट मी घासते." म्हणून आपण स्वच्छ आणि इतर घाणेरड्या, असे तिला प्रामाणिकपणे वाटत होते. दुसरा भाग तिला ठाऊक नव्हता. कढई, कुकर, शेगडी, ओटा, मोरीची जाळी, ओले फडके, ही कोणाचीच नसतात, म्हणून ती सर्वांची असतात. भांडणे ताटांवरून होत नाहीत. ती नेहमी ह्या बिनवारशी वस्तूंवरून होतात.

त्या रात्री चौघींना सांबारवडी वाढली आणि मी म्हटले, "आता बसा, आणि ह्या स्वयंपाकघरात कोणकोणती कामे आहेत ती नुसती मोजा. कोण करत नाही ते सांगू नका, कामे सांगा." मुलींनी कागद घेतला. एक म्हणाली भांडी, दुसरी म्हणाली केर. मग आठवत गेले. ओटा पुसणे, शेगडी पुसणे, जाळी साफ करणे, कचरा खाली नेणे, फ्रीजमधले शिळे काढणे, पिण्याचे पाणी भरणे, फडकी धुणे, सिलिंडर लावणे, रात्री गॅस बंद झाला की नाही ते पाहणे. अकरा कामे निघाली. माझी मुलगी म्हणाली, "मला वाटले तीनच आहेत." तिसरी, जिला आम्ही सर्वांत आळशी समजत होतो, ती रोज रात्री कचरा खाली नेऊन टाकत होती. हे इतर तिघींना माहीतच नव्हते!

मग त्यांनी वारांचे वेळापत्रक केले. ते दुसऱ्याच आठवड्यात मोडले, कारण नर्स मुलीची पाळी बदलली आणि तिच्या वाराला ती घरीच नव्हती. तेव्हा त्यांनी वार काढून टाकले आणि तीनच गोष्टी ठेवल्या. पहिली, जिने रांधले तिने त्याच बैठकीत कढई घासायची आणि ओटा व शेगडी पुसायची. दुसरी, बाकीची सामाईक कामे एकेकीने एकेक आठवडा घ्यायची, आणि पाळी जुळत नसेल तर आपसांत बदलायची. तिसरी, जी शेवटी झोपेल तिने मोरी रिकामी आहे आणि रेग्युलेटर बंद आहे हे पाहूनच दिवा मालवायचा. ओले खरकटे रात्रभर राहिले की झुरळे येतात, आणि आपल्या नागपूरकडच्या उन्हाळ्यात तर भात सकाळपर्यंत आंबून जातो. म्हणून रात्रीची मोरी रिकामी राहिली की निम्मे काम झाले.

खर्चाचेही तसेच. सिलिंडर, साबण, घासणी आणि कचऱ्याच्या पिशव्या ह्यांचे पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला एका डब्यात. गॅसची नळी पाच वर्षांच्या आत बदलायची असते. घरमालकाला विचारून ती त्यांनी पाहून घेतली. आणि गॅस गळतीसाठी असलेला 1906 हा फोन नंबर ओट्याजवळ लिहून ठेवला. भिंतीवर चिठ्ठीच लावायची तर अशी लावावी.

सर्व काही गोड झाले असे मी सांगणार नाही. चौथी मुलगी अजूनही कुकर भिजत ठेवते आणि विसरते. तिला कसे सांगायचे, हा मुलींचा प्रश्न होता. मी माझ्या अनुभवाने त्यांना एवढेच सांगितले की, सांगायचे ते त्याच दिवशी, तोंडावर आणि भांड्याबद्दल सांगा. "कुकर राहिला गं, घासून टाक," एवढे म्हटले तर माणूस उठून घासतो. तीन आठवडे मनात साठवून मग "तुझ्या आईने तुला काही शिकविले नाही का?" असे म्हटले, तर तो कुकर बाजूला राहतो आणि दोन घरांचे भांडण होते. आणि भगिनींनो, ते वाक्य आमच्याबाबत तर खरेच होते! तरी त्या नर्स मुलीने ते उच्चारले नाही. आधी जीव वाचविला आणि मग भांड्याबद्दल बोलली. तिचे मोठेपण मी विसरणार नाही.

काटोलला परत येताना गाडीत माझ्या मनात एक विचार आला, आणि तो सांगितल्याशिवाय माझे भाषण पुरे होणार नाही. आपले मंडळही एक ओटाच आहे. संक्रांतीचे हळदीकुंकू होते, भोंडला होतो, आजच्यासारखे जेवण होते. येताना आपण सर्वजणी मिळून येतो. जाताना मात्र "मुलांची शाळा आहे," "पाहुणे यायचे आहेत," असे म्हणत एकेक जण निघते. शेवटी मोठी पातेली घासायला दरवर्षी त्याच तिघीचौघी उरतात. मी त्यांची नावे घेत नाही, त्यांना ती आवडणार नाहीत. त्या बोलत नाहीत, म्हणून आपल्याला वाटते की सगळे सुरळीत चालले आहे. मघाशी मी नव्या सुनेची गोष्ट सांगितली ती हीच. आणि निघून जाणाऱ्यांत मीही होते. गेल्या तीन वर्षांत मी एकदाही शेवटपर्यंत थांबले नाही. आपली पत्रावळ उचलली की आपले काम झाले, असेच मीही समजत होते. मुलीचा दोष कुठून आला, हे आता निराळे सांगायला नको.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले संत गाडगेबाबा 1956 साली गेले. ते गावात आले की आधी झाडू हाती घेत आणि रात्री कीर्तन करीत. दिवसा गावचा केर काढलेला असे, म्हणून रात्रीचा उपदेश लोकांना पटे. आणि स्वतःचे गाडगे ते सदैव जवळ बाळगीत. आपले भांडे आपल्याजवळ, आणि झाडू सर्वांसाठी. भांड्यांचा तो दोन भागांचा नियम त्यांच्या दोन हातांतच होता.

तेव्हा माझी मंडळाला एक नम्र सूचना आहे. कार्यक्रमाच्या वहीत रांधणाऱ्यांची नावे आपण लिहितो, तशी आवरणाऱ्यांचीही आधीच लिहावी, आणि ती दर कार्यक्रमाला बदलावी. बंधूंनाही त्यातून वगळू नये. जेवणारे हात घासूही शकतात. घरी मी मुलापासून सुरुवात केली आहे. तो आता रविवारी कढई घासतो. चांगली घासत नाही, मला पुन्हा घासावीशी वाटते. पण मी हात मागे घेते आणि त्यालाच पुन्हा द्यायला शिकते आहे. तेच मला सर्वांत अवघड जाते.

आजच्या जेवणानंतरची मोठी पातेली माझ्या नावावर लिहा. माझ्याबरोबर आणखी तिघींची नावे हवीत, आणि ज्या दरवर्षी थांबतात त्यांची त्यात असू नयेत. त्यांनी आज आधी घरी जावे.